गणपतीची सुट्टी, मेंबरशिपचे दिवस आणि परत कधी यायचं

"गणपतीत पंधरा दिवस येणार नाही, तेवढे दिवस पुढे वाढवून द्याल ना?" श्रावण संपत आला की काउंटरवर रोज हाच प्रश्न. उत्तर एकदाच छापून ठेवलंय, म्हणजे कुणाचा सेट अर्धा सोडून आम्हाला धावत यावं लागणार नाही.

दिवस वाढवून मिळतात, पण एका अटीवर. घरचा गणपती दीड दिवसाचा असो, गौरीबरोबर जाणारा असो की अनंत चतुर्दशीचा, विसर्जनानंतर तीन दिवसांच्या आत जिममध्ये हजेरी लागली पाहिजे. लागली, की चुकलेले सगळे दिवस पुढे मिळतात. चौथ्या दिवशी आलात तर मिळत नाहीत. "पैसे आमचे, दिवस आमचे, मग तुमची अट कसली?" असं ऐकवून झालेलं आहे, म्हणून कारण सांगतो.

मालवणात जिमचं वर्ष उलटं चालतं. जून-जुलैत मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट बंद, पर्यटक नाहीत. संध्याकाळी बेंच रिकामा मिळत नाही. पुढे होड्या पाण्यात जातात, मग गणपती येतात. इथवरच्या सुट्टीबद्दल आमची तक्रार नाही. आमच्याही घरी गणपती असतो. गाडं अडतं ते त्यानंतर. विसर्जन झालं की पितृपक्ष, म्हणून 'घटस्थापनेपासून येतो'. नवरात्रात उपवास, म्हणून दसऱ्यापासून. तोवर होमस्टेवाल्यांचा सीझन उघडतो, म्हणून दिवाळीनंतर. दिवाळीनंतर गावच्या जत्रा. आणि मग 'एक जानेवारीपासून पक्कं'. पितृपक्षात नवीन कामाला हात लावू नये, मान्य. पण तुमचा व्यायाम जूनपासून चालू आहे, तो नवीन कसा?

चांगल्या तारखेची वाट बघताना आणखी एक गोष्ट होते. माणसाला लाज वाटायला लागते. मासळी बाजारात गाठ पडली की आम्ही काही विचारायच्या आत "फाल्यापासून येतंय हां" (उद्यापासून येतो) म्हणून लोक पापलेटाच्या टोपलीकडे वळतात. सुट्टी लांबली की दार ढकलून आत येणंच जड जातं. तीन दिवसांत परतलात तर लाज वाटायला वेळच मिळत नाही.

ही अट आमच्याच डोक्यातून आली असं नाही. अमेरिकेत संशोधक केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ हजारांवर जिम-सदस्यांवर ५४ वेगवेगळ्या योजना चार-चार आठवडे करून पाहिल्या. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांत पुढे निघाली ती योजना साधी होती. ठरलेला दिवस चुकला आणि त्यानंतर माणूस परत आला, की थोडे जादा पॉइंट. किंमत जेमतेम ९ सेंट, म्हणजे तेव्हाचे आपले सहा-सात रुपये. तेवढ्यावर आठवड्याची हजेरी २७ टक्क्यांनी वाढली. बहुतेक योजनांचा परिणाम मात्र चार आठवड्यांनंतर टिकला नाही, हेही त्यातच आहे. म्हणून आम्ही टी-शर्ट, लकी ड्रॉ असल्या भानगडीत पडत नाही. मिल्कमनबाईंचा याआधीचा, २०१४ सालचा एक प्रयोग आहे. रंगलेली ऑडिओ कादंबरी फक्त जिममध्येच ऐकायला मिळायची, आणि सुरुवातीला लोक त्या ओढीने जास्त वेळा आले. मध्ये थँक्सगिव्हिंग या तिकडच्या नोव्हेंबरातल्या सणाची सुट्टी पडली आणि परिणाम ओसरला. तिकडेही सुट्टीच आडवी आली.

'एकवीस दिवसांत सवय लागते' यावर फार विसंबू नका. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. तेव्हा मोदकांच्या दिवसांचं मनाला लावून घेऊ नका.

परत आल्यावर पहिला आठवडा निम्म्या वजनाने करायचा. दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, दम आधी जातो. पण पहिल्याच दिवशी जुनं वजन उचललंत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि सुट्टी पुन्हा सुरू होते. ट्रेनर वजन काढून ठेवतील तेव्हा वाद घालू नये.

दुसरी नेहमीची मागणी, वर्षाचे पैसे एकरकमी भरतो, सूट द्या. आम्ही मुद्दाम महिन्याचेच घेतो. गुरव्हिल आणि सोमण या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की सहामाही फी भरल्यावर लगेच हेल्थ क्लबातली हजेरी वाढते आणि पुढच्या हप्त्यापर्यंत घसरत जाते. खिशातून पैसे गेलेले ताजे असतात तोवर पाय इकडे वळतात. वर्षाचे एकदम घेण्यात आमची सोय आहे, पण डिसेंबरात जिम रिकामी राहते.

सुट्टीवर जाताना काउंटरवरची पिवळी चिठ्ठी भरून द्या. परत कोणत्या वारी, किती वाजता, आणि आल्यावर पहिला व्यायाम कुठला, एवढंच लिहायचं. हे पोरखेळ वाटतं, पण २००२ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात व्यायामाचे फायदे वाचून घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी ३५ टक्क्यांनी ठरलेल्या आठवड्यात व्यायाम केला. फायदे वाचून वर दिवस, वेळ आणि जागाही लिहून दिलेल्यांत हेच प्रमाण ९१ टक्के होतं. चिठ्ठीतल्या वेळेला आला नाहीत तर आम्ही एक फोन करतो. एकच. तो वसुलीचा नसतो, तेव्हा उचलावा.

गणेश चतुर्थीला आणि दुसऱ्या दिवशी जिम बंद. बाकी सगळे दिवस सकाळची बॅच चालू राहील. लेडीज बॅच गौरीविसर्जनापर्यंत नाही. घरी आलेल्या मुंबईकर भावा-भाच्यांना दिवसाच्या दराने येता येईल. स्वतःचा टॉवेल आणावा, आणि चिखलाचे बूट बाहेरच्या रॅकवर.