जालन्याचा फोटो, पण तारा कुठल्या?

आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेतून निघालेला तो फोटो जेमतेम तळहाताएवढा आहे, सहा बाय नऊ सेंटिमीटरचा. मधे उंच आणि दोन्ही टोकांना लांब नाकं काढलेलं एक इंजिन, त्याच्या मागे मालडबे, डोक्यावर तारा. रुळाशेजारी धोतर, कोट आणि टोपी घातलेला माणूस उभा आहे. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं मोडीत ‘जालना’ असं लिहिलंय आणि त्याखाली ‘१३४९’ हा आकडा आहे.

आत्या म्हणाली, “अरे, हे जालन्याचं ठेसन. अप्पा आडतीवर मुनीम होते ना, तवाचं.”

अप्पा म्हणजे माझे आजोबा. ते जालन्याला रुईच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. पण फोटो जालन्याचा म्हटला, की डोक्यावरच्या तारा आडव्या येतात. त्या तारांपायी मी दोन महिने या फोटोशी बसलो आणि जुना रेल्वेचा फोटो वाचावा कसा हे त्यातून शिकलो.

आधी आकडा. १३४९ हा इसवी सन नाही आणि शकही नाही, तो फसली सन आहे. निजामाच्या राज्यात सरकारी दफ्तर फसलीवर चाले, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वह्यांतही तोच सन येई. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आझर महिन्यापासून लागे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. म्हणजे १३४९ फसली हा ऑक्टोबर १९३९ ते ऑक्टोबर १९४० चा काळ. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत जुन्या फोटोंमागे, खरेदीखतांवर हे आकडे आहेत, आणि ते न कळल्यामुळे खूण म्हणून फुकट जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अडचण बघा. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारा मार्ग १८९९ ते १९०१ च्या दरम्यान सुरू झाला, तो मीटरगेजचा, म्हणजे रुळांमधे एक मीटर अंतर असलेल्या छोट्या लाइनचा. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हे त्याचं नाव. या मार्गावर वाफेची इंजिनं कित्येक दशकं धावली. जालन्याची छोटी लाइन मोठी झाली ती १९९० च्या दशकात, आणि विजेच्या तारा तर आत्ता गेल्या काही वर्षांत आल्या. १९३९-४० साली जालन्याच्या फलाटावर उभं राहून वर पाहिलं असतं, तर टेलिग्राफच्या तारांपलीकडे आभाळच दिसलं असतं.

त्या काळी आपल्या भागात विजेवर मालगाड्या ओढल्या जात त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या दोन घाटमार्गांवर: एक मुंबईहून कसाऱ्यावरून इगतपुरीला, दुसरा कर्जतवरून पुण्याला. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि १९३० पर्यंत तारा घाट चढून वर पोचल्या. मग हे इंजिन कोणतं?

मधे उंच केबिन, दोन्हीकडे उतरती नाकं, चाकांना जोडणारे लोखंडी दांडे. रेल्वेच्या दफ्तरात याचं नाव ईएफ-१, नंतर डब्ल्यूसीजी-१, आणि लोकांच्या तोंडी ‘खेकडा’. १९२८ पासून अशी ४१ इंजिनं आली. दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आणि बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. शरीर तीन तुकड्यांचं असतं. वळणावर दोन्ही नाकं आपापल्या चाकांसकट वळतात, मधली केबिन तेवढी सरळ राहते. चार मोटरी, मिळून २६०० अश्वशक्ती. एक जण दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, क्रमांक २००२७, जुना क्रमांक ४५०२, नाव ‘सर लेस्ली विल्सन’. हे दोन क्रमांक फोटो वाचणाऱ्याच्या कामाचे आहेत. नाकावर पंचेचाळीसशेच्या घरातला चार आकडी क्रमांक दिसला तर फोटो जुना, वीस हजारातला पाच आकडी दिसला तर स्वातंत्र्यानंतरचा.

असा फोटो इंटरनेटवर शोधायला गेलात तर फसाल, कारण स्वित्झर्लंडच्या गोथार्ड मार्गावर याच घडणीचं, याच्या आधीचं इंजिन होतं आणि त्याचे फोटो शेकड्यानं सापडतात. दोघं सख्खे भाऊ वाटतात. फरक चाकांत आहे. स्विस इंजिनाच्या दोन्ही टोकांना, मोठ्या चाकांच्या पुढे, एकेक छोटं मोकळं चाक असतं. आपल्या खेकड्याला ते नाही, सहाच्या सहा आसांवर जोर लागतो. आत्याच्या फोटोत भिंगातून पाहिलं: पुढच्या नाकाखाली तीन मोठी चाकं, छोटं एकही नाही.

मग रूळ मोजले. फोटोत मीटरपट्टी नसते, पण प्रमाण असतं. कॅमेऱ्यासमोर आडवी पसरलेली वस्तू जवळ असो की लांब, तिच्या भागांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही. रुळांखालचा लाकडी स्लीपर अशीच आडवी वस्तू. मोठ्या लाइनचा स्लीपर साधारण २७५ सेंटिमीटर आणि रुळांमधलं अंतर १६७.६, म्हणजे प्रमाण १.६४. मीटरगेजला १८० भागिले १००, म्हणजे १.८. आपल्या लातूर-बार्शीच्या जुन्या अरुंद लाइनला १५० भागिले ७६.२, जवळजवळ २. म्हणजे रूळ जितके जवळ, तितकी स्लीपरची टोकं बाहेर जास्त डोकावतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की मोजावंही लागत नाही. आमच्या फोटोत पुढच्या रुळावर खडी थोडी सरकलेली होती, तिथे तीन स्लीपर पूर्ण दिसले. तिन्हींचं प्रमाण १.६ च्या आसपास आलं, म्हणजे मोठी लाइन. जालना इथेच दुसऱ्यांदा बाद झालं.

पण मला सगळ्यात जास्त रमवलं ते तारांनी. फोटो बघताना आपली नजर इंजिनावर खिळते आणि वरचा भाग रिकामा म्हणून सुटून जातो. खरी भौतिकी तिथेच टांगलेली असते. जीआयपीची वीज १५०० व्होल्ट एकदिश, म्हणजे डीसी होती. आज आपल्याकडे २५,००० व्होल्ट एसी आहे. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर, हे शाळेत शिकलेलो असतो. खेकड्याची २६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १९.४ लाख वॅट. १५०० व्होल्टवर एवढी शक्ती घ्यायची तर जवळपास १,३०० अँपियर प्रवाह लागतो. तीच शक्ती २५,००० व्होल्टवर घेतली तर ८० अँपियरही पुरे. प्रवाह जवळपास सतरापट, आणि तारेत उष्णतेच्या रूपानं वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणून डीसीला तांबं भरपूर लागतं, तारांचा पसारा जड दिसतो आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं उभारावी लागतात. आजच्या एसी मार्गावर इंजिनाच्या छताला घासणारी तार १०७ चौरस मिलिमीटरची, म्हणजे साधारण करंगळीएवढी जाड.

मग एसीत कशाचं वजन वाढतं? चिनीमातीच्या विद्युतरोधकांचं. पावसात, धुळीत वीज रोधकाच्या पृष्ठभागावरून सरपटत खांबाकडे निसटू पाहते. व्होल्ट जितके जास्त, तितकी ही वाट लांब हवी, म्हणून रोधक लांब आणि एकाखाली एक छत्र्या लावल्यासारखा. १५०० व्होल्टला मुठीएवढे रोधक पुरतात. म्हणजे फोटोत इंजिन धूसर असलं तरी तारा जड आणि रोधक बुटके दिसले, तर तो डीसी मार्ग. तार हलकी आणि रोधक लांबलचक, तर एसी. आत्याच्या फोटोत रोधक इतके छोटे आहेत की पहिल्यांदा मला ते पक्षी वाटले.

तारेपर्यंत पोचणारा छतावरचा सांगाडा, पँटोग्राफ, हाही तारीख सांगतो. जुना असतो पतंगासारखा चौकोनी. एकाच कोपरात वाकलेला अर्धा सांगाडा फ्रान्समध्ये फेव्हले यांनी १९५५ मध्ये आणला. तो दिसला की फोटो त्यानंतरचा, हे नक्की. आणि तार सरळ न दिसता नागमोडी दिसली तर ती ढिली आहे असं समजू नका. रुळाच्या मध्यापासून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे साधारण २० सेंटिमीटर सरकवूनच ती ताणतात. नाहीतर पँटोग्राफची पट्टी एकाच जागी घासून कापली जाईल.

गाडी उभी होती की चालती? त्या काळच्या बॉक्स कॅमेऱ्याचं झडप सेकंदाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागात उघडून मिटे. ताशी २० किलोमीटरनं जाणारी गाडीसुद्धा तेवढ्यात दहा-पंधरा सेंटिमीटर सरकते. पण गंमत चाकात असते. धावत्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं जात असतो. म्हणून चालत्या गाडीच्या फोटोत आऱ्यांच्या चाकाचा खालचा भाग स्पष्ट आणि वरचा पुसट येतो. आमच्या फोटोत मालडब्याच्या चाकाच्या सगळ्या आऱ्या सारख्याच कोरीव आहेत. गाडी उभी होती, अप्पांना शेजारी उभं राहायला वेळ मिळाला होता.

रंगांबद्दल मात्र सांभाळून बोलावं लागतं. जुन्या काही फिल्मांना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू काळी उतरे आणि निळं आभाळ पांढरं. त्यामुळे काळा दिसणारा डबा काळाच होता असं नाही. फोटो उलटा छापलाय का, हेही आधी तपासायचं. क्रमांक वाचता आला तर प्रश्नच मिटतो. नाहीतर सिग्नल बघा: आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूनं धावतात आणि समोरून येणाऱ्या चालकाला सिग्नलचा हात खांबाच्या डावीकडे दिसतो.

डब्यांच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलोय, म्हणून सांगतो. चार चाकांचा मालडबा जुना, आठ चाकांचा बोगीवाला, म्हणजे दोन वळत्या चारचाकी गाड्यांवर बसवलेला डबा नवा, असा माझा सरसकट समज होता. मग लातूरच्या एका स्नेह्यानं बार्शी लाइट रेल्वेचा फोटो दाखवला आणि मी तो १९६० नंतरचा म्हणून बाजूला टाकला. तो कितीतरी आधीचा होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या अभियंत्यानं ही अरुंद लाइन १८९७ मध्ये बार्शीला आणली, १९११ मध्ये ती लातूरला पोचली. हलक्या रुळांवर कोणत्याही आसाला पाच टनांहून जास्त भार नको, असा त्याचा हिशेब होता. भार जास्त आसांवर वाटायचा म्हणून त्यानं सुरुवातीपासूनच बोगीवाले मालडबे घेतले. मोठ्या लाइनचा नियम छोट्या लाइनला लावला की असं होतं.

आणखी एक विनंती, कळकळीची. जुना फोटो मोबाइलच्या ‘सुधारणा’ करणाऱ्या ॲपमध्ये घालण्याआधी १२०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा, पुढूनही आणि मागूनही. ती ॲपं धूसर जागी अंदाजानं अक्षरं, आरे, रोधक भरतात आणि ते इतके सुबक दिसतात की खरेच वाटतात. मी आमच्या फोटोवर करून पाहिलं. ॲपनं छोट्या रोधकांच्या जागी सुरेख लांब रोधक काढून दिले. म्हणजे डीसीचा मार्ग एका बटणात एसी झाला.

तर फोटो जालन्याचा नव्हता. मागची डोंगरउतरण आणि उतारावरचे रूळ बघता तो कसारा-इगतपुरी दरम्यानच्या थळ घाटातला असावा, असं माझं मत झालं. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. उतरताना याच खेकड्याच्या मोटरी उलट्या कामाला लागत, जनित्र होत आणि गाडीच्या वजनातून निघालेली वीज तारेत परत सोडत. पण मग आजोबांनी ‘जालना’ का लिहावं? जमाखर्च ठेवणारा माणूस गावाचं नाव चुकणार नाही, हे मनातून जात नव्हतं.

शेवटी स्कॅनर बंद केला, खोली अंधारी केली आणि टॉर्च फोटोच्या पाठीवर अगदी कागदाला लागून तिरपी धरली. पेन्सिलीचं शिसं पुसलं गेलं तरी टोकानं कागदाला पाडलेला चर राहतो, आणि आडव्या उजेडात त्याची सावली पडते. ‘जालना’च्या पुढे अक्षरं उमटली. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना दाखवली. त्यांनी एका दमात वाचलं: ‘जालना माल’.

अप्पांनी जागेचं नाव लिहिलंच नव्हतं. छोट्या लाइननं मनमाडपर्यंत आलेल्या, तिथे हमालांनी मोठ्या लाइनच्या डब्यांत बदललेल्या आणि आता मुंबईकडे घाट उतरणाऱ्या आपल्या गाठींची ती नोंद होती. आत्याला दाखवलं तेव्हा तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, इंजिनाकडे पाहिलंच नाही, मागच्या डब्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मंग यातल्या कोणत्या डब्यात हाये आपली रुई?”