रस्त्याकडेच्या गवताचं नाव

अमेरिकेत एका लहान मुलीचं अपहरण झालं आणि पोलिसांच्या हाती लागली ती खंडणीची एक चिठ्ठी. १० हजार डॉलर डायपरच्या पिशवीत घाला आणि अमुक कोपऱ्यावर, 'डेव्हिल स्ट्रिप'वरच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात ठेवा, असं तीत लिहिलं होतं. पोलिसांनी ती भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांना दाखवली. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. 'कॅन' आणि 'कॉप्स' या सोप्या शब्दांत 'सी'च्या जागी 'के' पडला होता, पण 'प्रेशस'सारखा अवघड शब्द बिनचूक होता. म्हणजे लिहिणारा शिकलेला होता आणि अडाणीपणाचं सोंग आणत होता. दुसरी गोष्ट म्हणजे ते 'डेव्हिल स्ट्रिप'. शाय यांनी विचारलं, तुमच्या संशयितांत ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा कुणी शिकलेला माणूस आहे का? एक होता. पुढे त्याने गुन्हा कबूल केला.

पदपथ आणि रस्ता यांच्या मधली गवताची अरुंद पट्टी, तिला ॲक्रनमध्ये डेव्हिल स्ट्रिप म्हणतात. मुळात हे नाव ट्रामच्या जाण्यायेण्याच्या रुळांमधल्या चिंचोळ्या, धोक्याच्या जागेचं. ट्राम बंद झाल्या आणि ॲक्रनमध्ये नाव तेवढं गवतावर येऊन बसलं. तासाभराच्या अंतरावर क्लीव्हलँडमध्ये हीच पट्टी 'ट्री लॉन' होते. शिकागोत ती 'पार्कवे', मिनेसोटात 'बुलेवार्ड', ब्रिटनमध्ये 'व्हर्ज', ऑस्ट्रेलियात 'नेचर स्ट्रिप' आणि न्यूझीलंडमध्ये 'बर्म'.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या माणसाने स्पेलिंग बिघडवलं, शब्द मात्र तसाच ठेवला. स्पेलिंग शाळेत शिकवतात, त्यातलं चूक-बरोबर सगळ्यांना ठाऊक असतं. गवताच्या पट्टीला काय म्हणायचं, हे कुठल्या इयत्तेत येत नाही. ती दुकानात विकायला नसते, तिच्यावर नाव छापलेलं नसतं, तिची जाहिरात होत नाही. लहानपणी गल्लीत जो शब्द कानावर पडला तोच सगळ्या देशाचा, असं माणूस धरून चालतो. आपला शब्द आपल्या गावापुरता आहे हे माहीत असेल तरच तो लपवता येतो.

तुम्ही म्हणाल, मग थंड पेयांचं काय? ती तर देशभर विकली जातात, तरी अमेरिकेत त्यांच्या नावाचे तीन प्रांत आहेत. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात 'सोडा', मिडवेस्टमध्ये आणि वायव्येला 'पॉप', तर दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी सरसकट 'कोक'. तिथे "कोक हवाय" म्हटलं की "कुठला?" असा प्रश्न येतो आणि उत्तर 'स्प्राइट' असू शकतं. कोका-कोलाचा जन्मच १८८६ साली दक्षिणेतल्या अटलांटाचा, तेव्हा तिथे एकाच पेयाचं नाव सगळ्या जातीला लागलं यात नवल नाही. पण बाटलीवर ठळक छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं ते लोक एकमेकांकडूनच उचलतात. म्हणून ते शब्द टिकले.

इंग्लंडमधली कहाणी पावाची आहे. मुठीएवढा गोल, साधा पाव. दक्षिणेत तो 'रोल', नॉटिंगहॅम-डर्बीकडे 'कॉब', कॉव्हेंट्रीत 'बॅच', मँचेस्टरला 'बार्म', शेफील्डला 'ब्रेडकेक'. मँचेस्टरच्या शेजारच्या काही गावांत तर 'मफिन'. 'बार्म' म्हणजे बिअर आंबताना वर येणारा यीस्टचा फेस. पूर्वी त्यावर पीठ फुगवायचे, आणि फेसाचं नाव पावाला चिकटलं. गोव्यात पोई, उंडे, काकणं ही नावं वेगळी आहेत कारण ते पावच वेगवेगळे आहेत. इंग्लंडमध्ये पाव बहुतेक तोच, तरी त्याला काय म्हणायचं यावरून लोक मनापासून भांडतात.

हे शब्द गोळा करण्याची एक शिस्त आहे: विचारणाऱ्याने तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि थांबायचं. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या चमूने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी अशीच विचारपूस केली, मुख्यतः गावातल्या वयस्क माणसांकडे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६५ ते १९७० मध्ये 'वर्ड वॅगन' नावाच्या गाड्या देशभर फिरवल्या. संशोधक त्यातच राहायचे, झोपायचे आणि दीड हजारांहून जास्त प्रश्नांची वही घेऊन १,००२ गावा-शहरांत लोकांशी बोलायचे. त्यातून तयार झालेल्या बोली-शब्दकोशाचा पहिला खंड १९८५ साली निघाला आणि 'झेड'पर्यंतचा पाचवा २०१२ साली. कॅसिडी २००० सालीच गेले. त्यांच्या थडग्यावर कोरलंय, 'झेडकडे चला!' हे वाचून मला भरून आलं.

पुढे इंटरनेट आलं. बर्ट व्हॉक्स आणि स्कॉट गोल्डर यांनी हार्वर्डमधून १२२ प्रश्नांची ऑनलाइन पाहणी केली. तिच्या आधारावर जॉश काट्झ यांनी २५ प्रश्नांचा एक खेळ रचला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो २०१३च्या डिसेंबरात संकेतस्थळावर टाकला आणि वर्ष संपायला जेमतेम १० दिवस उरलेले असूनही तो त्यांचा त्या वर्षीचा सर्वाधिक पाहिला गेलेला मजकूर ठरला. तुमची उत्तरं घेऊन तुमचं गाव सांगायचं, असा तो खेळ. 'बबलर' हे उदाहरण घ्या. शाळेत वाकून पाणी प्यायच्या नळाला हा शब्द पूर्व विस्कॉन्सिनमध्ये आहे आणि दीड हजार किलोमीटर दूर, ऱ्होड आयलंडच्या परिसरातही. एवढ्यावर गाव सापडत नाही. पण तोच माणूस लांबट सँडविचला 'ग्राइंडर' म्हणाला की पारडं ऱ्होड आयलंडकडे झुकतं. प्रत्येक उत्तराने प्रत्येक ठिकाणाची शक्यता वाढते किंवा घटते, आणि नकाशावरचा डाग आकसत जातो.

आणि हे शब्द येतात ते मुख्यतः सवंगड्यांकडून. पुण्याहून गेलेले आईबाप घरात 'कोल्ड्रिंक' म्हणत राहतात, पण डेट्रॉइटला वाढणारं त्यांचं पोर 'पॉप' मागतं आणि न्यू जर्सीतलं त्याचं मावसभावंड 'सोडा'.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं असंच सर्वेक्षण केलं आहे. आपल्याकडे काय सापडेल याची चुणूक नागपूरच्या बाजारात मिळते. तिथे सांबार मागा, भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात ठेवेल. सांबारवडीतला सांबार तोच. कोथिंबीरही उघड्यावर, पोत्यावर मांडून विकली जाते. तिच्यावर कुणी नाव छापत नाही.