शुगर तर नॉर्मल आली, मग पाय कशाला बघायचे?

माझ्या मावशीला डायबेटिस होऊन अकरा वर्षं झाली. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, आणि दर दोन महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर, ती ११०-११५ आली की घरातले सगळे खूश. आता तपासणीच्या आधी चार दिवस ती भात बंद करते, गोडाला हातसुद्धा लावत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. मागच्या वर्षी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एचबीए१सी करायला लावली, ती निघाली ८.४ टक्के, म्हणजे बरीच जास्त.

ही टेस्ट फसत का नाही ते बघा. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत तशीच राहते, पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशोब तिथे लिहिलेला असतो, चार दिवस भात सोडून तो काही खोडता येत नाही. फक्त अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ते खूपच कॉमन आहे, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही बघितलं. ते ठीक होतं.

मग ते म्हणाले, "मावशी, चपला काढा." अकरा वर्षांत तिचे पाय कोणी बघितलेच नव्हते! त्यांच्याकडे नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोराला वाकतो. डोळे मिटा, लागलं की हो म्हणा. उजव्या पायाला ती हो हो म्हणत होती, डाव्या अंगठ्याखाली तंतू वाकला तरी मावशी गप्प. डॉक्टरांनी विचारलं, चालताना चप्पल निसटते का? तर म्हणाली हो, दोनदा रस्त्यातच राहिली, मला वाटलं सैल झाली असेल.

चप्पल सैल नव्हती, पायाच्या नसा बधिर होत चालल्या होत्या. अशा पायाला खिळा लागला, चप्पल चावली, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना फोड आला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून जखम चिघळेपर्यंत कोणी बघत नाही. हे कळायला मोजून दोन मिनिटं लागली. त्यांनी बी१२ पण तपासायला सांगितलं, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात.

किडनीचंही तसंच. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन वाढायच्या बरंच आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागतं, साध्या लघवीच्या तपासणीत ते सापडेलच असं नाही, एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण बघणारी तपासणी, वेगळी करावी लागते, ती ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आली तर परत करून खात्री करायची. डोळ्यांचं तर "मला नीट दिसतंय ना" यावर अजिबात जाऊ नका, पडदा खराब व्हायला लागला तरी नजर बरेच दिवस चांगली असते, त्यासाठी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा.

आणि बीपी! ब्रिटनमध्ये १९७७ पासून नव्याने डायबेटिस झालेल्या ५,१०२ लोकांवर वीस वर्षं यूकेपीडीएस नावाचा अभ्यास चालला. त्यात निदान झालं तेव्हाच जवळपास निम्म्या लोकांच्या शरीरात काही ना काही बिघाड सुरू झालेला होता. शुगर नीट ठेवलेल्या गटात डोळे-किडनीचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांच्यात ते जास्त काटेकोर आवरलं त्या गटात पॅरालिसिसचे झटके ४४ टक्क्यांनी कमी. बीपी मोजायला किती वेळ लागतो?

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) आकड्यांप्रमाणे भारतात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक आहेत. एवढ्यांना स्पेशालिस्ट कुठून पुरणार, हे काम गल्लीतल्या दवाखान्यातच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण तिथे बाहेर तीस जण बसलेले आणि आपण जाऊन म्हणतो, त्याच गोळ्या लिहून द्या. त्यापेक्षा वर्षातून एक दिवस फक्त या तपासणीसाठी मागून घ्या. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनी, शुगर आटोक्यात असेल तर सहा महिन्यांनी.

मावशी आता रोज रात्री खाली आरसा ठेवून तळपाय बघते. गेल्या महिन्यात डाव्या अंगठ्याखाली एक बारीक चीर दिसली तिला, दुखत काहीच नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात जाऊन दाखवून आली.