काळी एक: सी शार्प की डी फ्लॅट?

पेटीवर हात बसलेली मुलं पियानोच्या नोटेशनकडे वळली की शार्प (स्वर अर्धी पायरी वर) आणि फ्लॅट (अर्धी पायरी खाली) या खुणांपाशी अडखळतात. 'शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल' असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

मध्ययुगीन युरोपच्या चर्चसंगीतात दोन रूपं असलेला स्वर मुळात एकच होता, बी (पाश्चात्त्य स्वरांची नावं ए ते जी ही अक्षरं असतात). तो उतरा गायचा तर अक्षर गोल काढत, नाहीतर चौकोनी. गोलापासून फ्लॅटची खूण आली, चौकोनापासून नॅचरल (शार्प-फ्लॅट रद्द करणारी खूण) आणि शार्प या दोन्ही. गोल बीला लॅटिनमध्ये 'मऊ' म्हणत; फ्रेंचमध्ये फ्लॅटला आजही 'बेमोल' म्हणतात. मऊ म्हणजे कोमलच की! पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात काही वाद्यांच्या काळ्या पट्ट्या मधोमध दुभागलेल्या असत, कारण डी शार्प आणि ई फ्लॅट तेव्हा वेगवेगळे लागत. सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी, समान अंतरांची जुळणी रूढ झाली आणि एकाच पट्टीला दोन्ही नावं चिकटली.

1840च्या दशकात पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात हाताने भाता मारायची पेटी तयार होऊ लागली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पेटी आणि पायाचा ऑर्गन घरोघरी ओळखीचा केला. पट्ट्या पाश्चात्त्यच राहिल्या, बोली मात्र आपली झाली: पांढरी एक, काळी चार. सी म्हणजे पांढरी एक; तिथून पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. 'तुमची पट्टी कुठली?' असं विचारलं की गायक आपला षड्ज सांगतो.

आता घोळ पाहा. पांढरी एकवर सा धरला तर काळी एक म्हणजे कोमल रिषभ, म्हणून डी फ्लॅट म्हणायला हवं. पण गायक तीच पट्टी षड्जासाठी मागतो तेव्हा सगळे 'सी शार्प' म्हणतात. तिथे सा धरला की कोमल रिषभ पांढरी दोनवर येतो आणि तीव्र मध्यम पांढरी पाचवर. काळ्या पट्टीचा संबंधच उरला नाही! कोमल-तीव्र हे षड्जाच्या नात्याने ठरतं, शार्प-फ्लॅट कागदावरच्या अक्षराच्या नात्याने. शिवाय आपल्याकडे तीव्र होतो तो एकटा मध्यम. शार्प कुठल्याही अक्षराला लागतो. ई शार्प तर पांढऱ्या चारवरच वाजतो. ही भाषांतराची जोडी सोयीची म्हणून चालत आली, पण वाचन शिकणाऱ्याचं तिने नुकसानच केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एफ मेजरच्या (एफपासून सुरू होणाऱ्या मेजर सप्तकाच्या) धड्यात ओळीच्या सुरुवातीच्या ट्रेबल क्लेफ या खुणेशेजारी, पाचांतल्या मधल्या रेषेवर, म्हणजे बीच्या जागी, एकच फ्लॅट असतो. सप्तकात प्रत्येक अक्षर एकदाच यावं म्हणून तिथे बी फ्लॅट लिहितात. ए शार्प लिहिलं तर ए दोनदा येईल आणि बी गायब होईल. पेटीवाल्याचं बोट मात्र काळी पाचवर बरोबर पडतं, आणि तोंडून निघतं 'ए शार्प'.