थोडी चूक तुमचीही होती? दावा तरीही टिकतो
‘अपघातात तुमचीही चूक असेल तर भरपाई विसरा,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. अगदीच निराधार नाही म्हणा: अमेरिकेत अलाबामा, मेरीलँडसारख्या मोजक्या राज्यांत थोडीशी चूकही दावा बुडवू शकते. पण बहुतेक ठिकाणी कोणाची चूक किती टक्के, अशी वाटणी होते आणि भरपाई तेवढीच कापतात. नुकसान 10 लाखांचं, तुमची चूक 20 टक्के, तर हातात 8 लाख. इंग्लंडमध्ये 1945 पासून हेच चालतं. तिथे सीटबेल्ट लावला असता तर इजा टळलीच असती, अशा प्रकरणांत साधारण 25 टक्के कापतात. धडक पूर्णपणे समोरच्यामुळे झाली असली तरी! त्यामुळे विमा कंपनीचा माणूस फोनवर ‘चूक तुमचीच’ म्हणाला, एवढ्यावर दावा सोडू नका. टक्केवारी ठरवताना ब्रेकच्या खुणा, फोटो, साक्षीदार बघितले जातात.