के-टूमधला 'टू' उंचीचा नाही

'जगात दुसरं उंच, म्हणून के-टू' हे शाळेपासून ऐकत आलोय. ते चूक आहे. १८५६ साली ब्रिटिश सर्वेक्षक टी. जी. माँटगोमेरी यांनी काश्मीरच्या हरमुख पर्वतावरून, २०० किलोमीटरहून लांबची काराकोरम पर्वतरांगेतली दोन ठळक शिखरं टिपली आणि के-१, के-२ अशी नोंद केली. 'के' काराकोरमचा, आकडा निव्वळ नोंदीचा. उंचीचं गणित अजून व्हायचं होतं. नाहीतर ७,८२१ मीटरच्या शिखराला के-१ आणि ८,६११ मीटरच्या शिखराला के-२ का म्हटलं असतं? के-१ला मशेरब्रुम हे स्थानिक नाव होतं, तेच नकाशावर आलं. के-२ मात्र अस्कोले या वाटेवरच्या शेवटच्या गावातूनही दिसत नाही. रूढ नाव सापडलं नाही, खूणच टिकली. सर्वेक्षक गॉडविन-ऑस्टिन यांचं नाव सुचवलं गेलं, पण रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं ते नाकारलं.