आरसी मोटारीची स्टिअरिंग-जुळवणी

आरसी मोटारीची स्टिअरिंग-जुळवणी : दूरनियंत्रणावर चालणारी छोटी मोटार हाताच्या इशाऱ्याबरोबर वळावी आणि वळणात सुटू नये, यासाठी तिची चाके, स्प्रिंगा, टायर व सर्व्हो (चाके वळवणारे छोटे विद्युत यंत्र) यांत केलेले फेरफार. बोलीत याला नुसते ‘सेटिंग’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर ओहोटीची घट्ट ओली पुळण, भरतीरेषेवरची भुसभुशीत वाळू, जांभ्याचा सडा (उघड्या कातळाचे पठार) आणि डांबरी रस्ता एकमेकांना लागून असतात; त्यामुळे एका जागी बसवलेले सेटिंग दुसरीकडे क्वचितच चालते.

वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा लहान वर्तुळ काढते, म्हणून ते अधिक वळावे लागते. ही रचना ‘अ‍ॅकरमन’ या नावाने ओळखली जाते. नाव मात्र तिच्या जनकाचे नाही. म्युनिकचे घोडागाड्या बांधणारे गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी ती १८१६-१७ च्या सुमारास योजली आणि लंडनचे प्रकाशक रूडोल्फ अ‍ॅकरमन यांनी त्यांचे प्रतिनिधी म्हणून १८१८ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतले. चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस यांनी १७५८ च्या आसपास हीच कल्पना मांडली होती, असे काही अभ्यासक मानतात. त्यांनी पेटंट घेतले नव्हते; प्रत्यक्ष प्रसाराचा विचार करता श्रेय लांकेनस्पेर्गर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. स्टिअरिंगच्या दांड्यांच्या रेषा मागे वाढवल्यास मागील आसाच्या मध्याशी मिळाव्यात, ही या रचनेची ढोबळ खूण. आरसी मोटारीत दांडी पट्टीवरच्या कोणत्या भोकात अडकवली यावर हे प्रमाण बदलते. वेगात टायर थोडे घसरतच वळतात, म्हणून पूर्ण अ‍ॅकरमन नेहमी लाभदायक ठरत नाही.

विक्रीस आलेली पहिली आरसी मोटार म्हणून इटलीच्या एल्जी कंपनीची १९६६ ची १:१२ प्रमाणातील फेरारी सामान्यतः सांगितली जाते. जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे ९३४ १९७६ मध्ये आली.

जुळवणीचा आरंभ सर्व्होपासून करावा. रेडिओ चालू करून ट्रिम (चाके सरळ ठेवण्याची बारीक दुरुस्ती) शून्यावर आणावा, सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा आणि मगच त्याचा हॉर्न (आसावर बसणारा छोटा दांडा) बसवावा. चाके पूर्ण वळल्यावर सर्व्हो घुरघुरत राहिला तर एंड पॉइंट (सर्व्होच्या फिरण्याची रेडिओवर ठरवलेली मर्यादा) कमी करावा, नाहीतर तो तापून जळतो. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

गाडीचा स्वभाव ओल्या पुळणीवर स्पष्ट वाचता येतो. संथ वळणात मागच्या चाकांचे चरे पुढच्यांच्या आत उमटतात. चाके पूर्ण वळलेली असूनही पुढचा चरा रुंद, फासटलेला दिसत असेल आणि बाहेरच्या कडेला वाळूचा बांध साचला असेल, तर नाक बाहेर जात आहे : पुढची स्प्रिंग मऊ करावी किंवा बॅटरी थोडी पुढे सरकवावी. मागचा चरा पुढच्याच्या बाहेर पडला तर शेपूट सुटते आहे. मागील टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या असणे) वाढवावे. ते साधारण २ ते ३ अंश असते. पुढचे टो-आउट (त्याच कडा बाहेर वळलेल्या) अर्धा-एक अंश ठेवल्यास गाडी वळणात चटकन शिरते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे १ ते २ अंश, वरची बाजू आत कललेली. कास्टर (पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे कल) वाढवल्यास सरळ धाव स्थिर होते.

कोरड्या वाळूत मागे पॅडल टायर (वल्ह्यासारखी आडवी पाती असलेले) आणि पुढे उभ्या कंगोऱ्यांचे टायर लावतात. कंगोरे वाळू कापत दिशा देतात. सड्यावर जांभ्याचे सच्छिद्र, खरखरीत दगड टायर लवकर झिजवतात, तेथे गाडी उंच व शॉक (धक्के शोषणारे दांडे) मऊ हवेत. रत्नागिरी-राजापूर भागातील काही सड्यांवर कातळशिल्पे आहेत. तेथे गाडी नेऊच नये. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्या दिवसांत वरची वाळू सोडावी.

खारी हवा बेअरिंग गंजवते आणि जड फिरणाऱ्या बेअरिंगने सर्व सेटिंग फसवे ठरते. किनाऱ्यावरून आल्यावर गाडीतली विजेची मोटार, रेडिओ व बॅटरी काढून उरलेला भाग गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा व प्रत्येक बेअरिंगमध्ये थेंबभर तेल सोडावे.